पिंजारलेले केस आणि सुगरणीचा खोपा

'पिंजारणे' हा शब्द मराठीत कापसाच्या धंद्यातून आलेला आहे, आणि केसांच्या बाबतीत तो निंदेखेरीज दुसऱ्या अर्थाने फारसा योजला जात नाही. केस पिंजारलेली स्त्री म्हटली की वेडी, शोकाकुल, नाही तर गोष्टीतली हडळ, यांपैकी कोणीतरी डोळ्यांपुढे उभी राहते. असे असता हीच क्रिया, म्हणजे केस टोकाकडून मुळाकडे उलट विंचरून मुद्दाम पिंजारणे आणि त्यावर गुळगुळीत केसांचा एक थर ओढून घेणे, ही गेली साठ वर्षे आपल्याकडे शृंगाराचे अंग होऊन बसली आहे. तिचे इंग्रजी नाव बॅककोंबिंग. तिच्यायोगे डोक्यावर जो उंचवटा उभा राहतो त्याला आपल्या बायका 'पफ' म्हणतात. मुंबई-पुण्याची गोष्ट राहोच, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या यावलसारख्या तालुक्याच्या गावीही लग्नसराईत हा पफ नाही अशी नवरी शोधूनच काढावी लागेल.

या पफाविषयी दोन मते ऐकू येतात. एक सुशिक्षित पुरुषांचे व वडीलधाऱ्या बायकांचे: हे सारे खोटे आहे, पोकळ आहे, परक्यांची नक्कल आहे. दुसरे मत ज्यांच्या डोक्यावर तो पफ असतो त्यांचे. ते बहुधा बोलून दाखविले जात नाही, आरशापुढे कृतीने व्यक्त होते. वादात एकच बाजू बोलते आणि दुसरी नुसती वागते, अशा वेळी टीकाकाराने मध्ये पडावे हे योग्य होय.

केशरचना हा वाङ्मयटीकेचा विषय आहे काय, अशी शंका काही वाचकांना येईल. परंतु आपल्या साहित्यशास्त्राने आपला पहिला पारिभाषिक शब्दच मुळी प्रसाधनाकडून उसना घेतलेला आहे. अलंकार हा आधी अंगावर होता, मग तो काव्यात आला. वामनाने गुण आणि अलंकार यांत भेद केला तो असा, की शोभा उत्पन्न करतात ते गुण आणि असलेली शोभा वाढवितात ते अलंकार. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याचे तत्त्व मांडले तेव्हा त्याने दाखला दिला तोही दागिन्यांचाच: कमरेची मेखला गळ्यात घातली तर शोभा येत नाही, हसे होते. ज्या प्रसाधनाने काव्यशास्त्राला इतके दिले, त्याची परीक्षा त्याच शास्त्राच्या कसोट्यांनी करून पाहिल्यास ऋण फेडल्यासारखे होईल.

प्रथम ही क्रिया काय आहे ते नीट पाहिले पाहिजे. कारण जिची निंदा करावयाची तिची रीत ठाऊक नसणे हा आपल्या टीकेतला जुनाच दोष आहे. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याच्या पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म खवले असतात. ते घरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले असून त्यांची तोंडे टोकाकडे असतात. कंगवा मुळाकडून टोकाकडे फिरला की हे खवले मिटून बसतात आणि केस चकाकतो. तोच उलट फिरला की खवल्यांच्या कडा उचलल्या जातात, एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात, आणि मुळाशी गुंतलेल्या केसांची एक लहानशी गादी तयार होते. वरचा थर तिच्यावर टेकतो व डोके भरल्यासारखे दिसते. केस एकानेही वाढलेला नसतो. वाढलेली असते ती केसांमधली हवा.

खानदेशातल्या माणसाला ही रीत सांगावी लागू नये. हा कापसाचा मुलूख आहे. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात इंग्रजी गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची नजर ज्या प्रांतांकडे वळली त्यांत खानदेश होता. दबून चपटी झालेली जुनी गादी उसवून पिंजारी तिच्यातला कापूस धनुकलीने पिंजतो आणि तेवढ्याच कापसाची दुप्पट उंच गादी भरून देतो. त्यात कापूस वाढत नाही, तरी त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. योगायोग असा, की अमेरिकेत या उलट विंचरण्याला जो 'टीझिंग' शब्द रूढ आहे त्याचाही मूळ अर्थ लोकर पिंजणे असाच आहे; चिडविण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. दोन दूरच्या भाषांनी एकाच धंद्यातून एकच प्रतिमा उचलली, यावरून ती किती अचूक आहे हे ध्यानात येईल.

डोक्यावर उंचवटा उभारण्याची हौस काही नवी नव्हे. अठराव्या शतकातल्या फ्रेंच दरबारात लोकरीच्या गाद्या आणि तारांचे सांगाडे घालून केसांचे मनोरे रचीत. मारी आंत्वानेत राणीचे नाव त्या प्रकाराशी कायमचे जोडले गेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य स्त्रिया आपलेच गळलेले केस साठवून त्यांच्या गुंडाळ्या आत भरीत. पण आज ज्याचे वंशज आपल्या डोळ्यांपुढे आहेत तो उंचवटा १९६० सालचा. त्या वर्षी शिकागो येथील मार्गारेट विंची हेल्ट या केशरचनाकार बाईंनी एका व्यावसायिक मासिकाच्या मागणीवरून नवी रचना सिद्ध केली. तिला नाव पडले 'बीहाइव्ह', म्हणजे मधमाश्यांचे पोळे. पुढच्या काही वर्षांत ती आपल्या हिंदी चित्रपटांत उतरली. 'वक्त' (१९६५) मधील साधना किंवा 'अ‍ॅन इव्हिनिंग इन पॅरिस' (१९६७) मधील शर्मिला टागोर ज्यांनी पाहिली असेल त्यांना त्या उंच केसांचे वर्णन करून सांगावयास नको. चित्रपटगृह जेथे होते तेथे ती फॅशन पोचली, आणि चित्रपटगृह नव्हते तेथे कॅलेंडरे पोचली.

तेव्हा 'परक्यांची नक्कल' हा आक्षेप इतिहासदृष्ट्या खरा आहे. परंतु 'खोटे' हा आक्षेप टिकणारा नाही. कारण केसांना नसलेला भर आणण्याची कला आपल्याकडे पुरातन आहे. जळगावहून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर अजिंठा आहे. तेथील वाकाटककालीन चित्रे पाचव्या शतकातली; त्यांतल्या स्त्रियांचे अंबाडे कोठे मानेवर उतरलेले, कोठे एका बाजूस ढळलेले, कोठे फुलांनी आणि मोत्यांनी इतके लादलेले की केस कोणते आणि आभूषण कोणते ते निवडता येऊ नये. सतराव्या लेण्यातील प्रसाधनाचे दृश्य तर प्रसिद्धच आहे: राजस्त्री हातातल्या आरशात पाहत आहे आणि भोवती दासी उभ्या आहेत. कालिदासाने मेघदूतात केस सुवासिक करण्यासाठी जाळलेल्या धुपाचा उल्लेख केला आहे, आणि खिडक्यांच्या जाळ्यांतून बाहेर पडणाऱ्या त्या धुराने मेघाचे शरीर पुष्ट होईल अशी कल्पना योजिली आहे. खालच्या महालात स्त्री केसांना संस्कार करीत आहे आणि वर ढग भरदार होत आहे! भरदारपणाचे आकर्षण याहून नाजूकपणे कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

जवळचे दाखलेही थोडे नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांच्या पेटीत गंगावन असे. विरळ वेणीत ते गुंफले की वेणी लांब व अंबाडा मोठा होई, आणि यात कोणाला अप्रामाणिकपणा दिसत नसे. बालगंधर्वांनी १९०५ पासून रंगभूमीवर जी स्त्री उभी केली तिचा केशसंभार तर सगळाच टोपाचा. तरी घरंदाज स्त्रियांनी त्या टोपावरून आपला अंबाडा कसा बांधावा व गजरा कोठे माळावा याचे धडे घेतले, असे त्या काळच्या आठवणींतून सांगितले जाते. पुरुषाच्या डोक्यावरच्या खोट्या केसांनी खऱ्या केसांना वळण लावावे, आणि आपण ते अभिरुचीचे युग म्हणून गौरवावे. मग आपल्याच केसांत थोडी हवा भरणारीला मात्र खोटेपणाचा दोष द्यावा, हा न्याय नव्हे.

येथे आपल्या भाषेतला एक शब्द मदतीस येतो. 'खोपा' म्हणजे मागे बांधलेला केसांचा बुचडा, आणि खोपा म्हणजे सुगरण पक्ष्याचे झाडाला लोंबणारे घरटे. अमेरिकनांना उंच केसांत पोळे दिसले. आपल्या बायकांना बांधलेल्या केसांत घरटे दिसले. सुगरणीच्या खोप्यावरची मराठीतली सर्वांत परिचित कविता यावलपासून फार दूर नसलेल्या आसोद्याच्या मातीतली. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म तेथे १८८० साली झाला; १९५१ मध्ये त्या वारल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीने त्या पाखराच्या कारागिरीकडे ज्या नजरेने पाहिले ती शेतकरी स्त्रीची नजर होती: साधने किती थोडी, आणि त्यांतून काम किती पुरे झाले आहे! खोप्याचे सौंदर्य तिला त्याच्या उपयोगापासून वेगळे काढता येत नाही. आत पिले आहेत म्हणून विणकाम घट्ट आहे, आणि विणकाम घट्ट आहे म्हणून ते पाहण्याजोगे आहे.

या दाखल्यावरून पफाविरुद्ध निकाल देणे सोपे आहे: खोपा विणलेला, पफ पिंजारलेला, खोप्यात जीव, पफात हवा. परंतु सोपा निकाल बहुधा अपुरा असतो, आणि येथे पक्षिशास्त्राने एक पेच घालून ठेवला आहे. डॉ. सलीम अली यांनी कुलाबा जिल्ह्यात किहीम येथे या पक्ष्याचे निरीक्षण करून १९३१ मध्ये जो लेख प्रसिद्ध केला, त्यापासून ही गोष्ट सर्वमान्य झाली आहे की खोपा विणतो तो नर. तो अर्धामुर्धा झाला की मादी येऊन तो पारखते. पसंत पडला तर ती राहते आणि मग तो पुरा होतो. न पडला तर तो तसाच लोंबत राहतो. सुगरणीचे नाव तिला विणण्यासाठी मिळाले, पण तिचे खरे काम पारखण्याचे आहे. कवितेचे मोल याने कमी होत नाही. उलट आपल्या प्रश्नाला एक नवा कस मिळतो: केसांची रचना विणलेली की पिंजारलेली, स्वदेशी की परदेशी, याआधी हे विचारले पाहिजे की ती पारखली कोणी?

हा कस खानदेशाच्या परिस्थितीला लावून पाहू. या भागात डोक्यावरचा पदर ही सासुरवाशिणीची मर्यादा मानली जात आली. बहिणाबाईंचे जे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे त्यातही डोक्यावर पदर आहे. खोपा गाणाऱ्या कवयित्रीचा स्वतःचा खोपा आपल्याला दिसत नाही. पदराखाली मानेवर बांधलेला खोपा सुखाने राहतो, कारण दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. पफाची जागा मात्र नेमकी टाळूवर, म्हणजे पदराची जी जागा तीच. पिंजारलेल्या केसांवर पदर ठेवला की घटकाभरात उंचवटा बसतो. तेव्हा पफ आणि डोईवरचा पदर एका डोक्यावर नांदू शकत नाहीत. एकाला उतरावे लागते. यावलच्या बाजारात आजही डोईवर पदर घेतलेली आजी आणि तिच्याबरोबर खांद्यावर ओढणी टाकलेली नात दिसते. या दोघींच्या मधल्या पिढीत पदर केव्हातरी डोक्यावरून खांद्यावर आला. तो पफामुळे आला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शिक्षण, नोकरी, प्रवास अशी कारणे त्यामागे आहेत. परंतु तो खाली आला याची पहिली दृश्य खूण लग्नाच्या छायाचित्रांतून जर कोठे उमटली असेल, तर ती या उंचावलेल्या केसांत. ज्यांना पफ सलतो त्यांना कित्येकदा केस सलत नसतात, उतरलेला पदर सलत असतो.

आणि या समाजात स्त्रीच्या केसांवर सत्ता कोणाची होती हे आठवले, म्हणजे थट्टा जिभेवर थबकावयास हवी. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली. तिच्यातली यमू विधवा झाल्यावर तिचे केस बळजबरीने काढले जातात, आणि मराठी वाचक आजही ते प्रकरण सहज ओलांडून जाऊ शकत नाही. मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जाती यांत चालत आलेला हा दंडक. ज्या घरांत मासिके वाचली जात त्याच घरांत तो पाळला जाई. १८९० च्याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांना जे उमगले ते ज्यांच्या हातात पोथी होती त्यांना उमगावयास आणखी कित्येक वर्षे लागली. ज्या समाजात केस असणे हेच सधवेचे भाग्य आणि नसणे हे विधवेचे प्रारब्ध होते, तेथे एखादी स्त्री आपल्या मर्जीने केस उंच करते, सैल सोडते किंवा कापून टाकते, यात पोकळपणापेक्षा काही अधिक आहे. तो उंचवटा हवेचा खरा. पण ती हवा तिने स्वतः भरलेली आहे.

एवढे म्हटल्यावर पफाची सौंदर्यदृष्ट्या तरफदारी करण्याचे कारण मात्र उरत नाही. त्याचे दोष दोन. पहिला वामनाच्या कसोटीचा. केसांचे गुण म्हणजे चमक, मऊपणा, वळण. उलट विंचरण्याने वाढतो तो आकार, आणि त्यासाठी खर्ची पडते ती चमक. उचललेले खवले पुन्हा पहिल्यासारखे बसत नाहीत, आणि गुंता सोडविताना केस तुटतात. केस महिन्याला सुमारे १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटर लांब केसांचे टोक चार-पाच वर्षांचे असते. एका संध्याकाळच्या शोभेसाठी इतक्या वर्षांच्या केसांवर कंगवा उलटा चालवावयाचा, हा सौदा क्वचित केला तर क्षम्य, नित्याचा केला तर महागात पडणारा होय. गुणाला खाऊन वाढणाऱ्या अलंकाराला वामनाने अलंकार म्हटले नसते.

दुसरा दोष क्षेमेंद्राच्या कसोटीचा, आणि तो अधिक गंभीर आहे. औचित्य म्हणजे ज्याचे त्याला शोभणे. लांबट चेहऱ्याला उंची दिल्यास तो आणखी लांबट दिसतो; ठेंगण्या बांध्याला तीच उंची उपकारक ठरते; दाट कुरळ्या केसांना पफाची गरजच नसते. परंतु आजच्या लग्नसराईत हा विवेक कोणी करताना दिसत नाही. नवरी कोणतीही असो, चेहरा कसाही असो, सौंदर्यगृहात तिच्या टाळूवर तोच उंचवटा बसविला जातो. तो पाच-सहा तास ढळू नये म्हणून फवारा मारून तो कडक केला जातो, आणि हातात मावणार नाहीत इतके आकडे त्यात खोचले जातात. भर वैशाखात, जेथे पारा ४४-४५ अंशांवर जातो तेथे, मांडवात ती मुलगी हे ओझे सांभाळीत उभी असते. लग्नाचे अल्बम उघडून पाहा: दहा नवऱ्यांची दहा छायाचित्रे शेजारी ठेवली तर नाकडोळे भिन्न, केस एकच. अजिंठ्याच्या एकाच भिंतीवर केसांचे जितके प्रकार दिसतात तितके एका लग्नसराईत दिसू नयेत, ही प्रगती म्हणावयाची काय?

येथे पारखीचा कस पुन्हा लावावा लागतो. पहिल्या पिढीतल्या ज्या मुलीने चित्रपट पाहून, घरच्यांची बोलणी खाऊन, आरशापुढे कंगवा उलटा चालविला, तिने तो उंचवटा पारखून घेतला होता. तो तिला शोभला नसेल, पण तो तिचा होता. आज खुर्चीत बसविलेल्या नवरीला कोणी विचारीत नाही. पफ हवा असे सासर म्हणते, छायाचित्रकार म्हणतो, रीत म्हणते. एका काळी पदर जसा न विचारता डोक्यावर येई, तसाच आता पफ येतो. बंड म्हणून जे आले ते दोन-तीन पिढ्यांत दंडक झाले, हा फॅशनचा नेहमीचाच इतिहास आहे. वाङ्मयातही नवी शैली अशीच आधी मुक्त करते आणि मग जखडते.

औचित्याचा एक नमुना यावल तालुक्यानेच पाहिलेला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. त्या अधिवेशनाचे नगर सजविण्याचे काम नंदलाल बोस यांच्याकडे होते. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात तरुणपणी ज्यांनी भाग घेतला होता असा तो चित्रकार. शहरातून झुंबरे आणि मखमल आणणे त्याला अवघड नव्हते. त्याने बांबू आणि गावात मिळणारे साधे साहित्य घेतले आणि त्यातूनच शोभा उभी केली. जागा कोणती, साहित्य कोणते, प्रसंग कोणता, हे पाहून जे केले जाते ते शोभते, एवढाच त्यातला धडा. तो डोक्यालाही लागू आहे. प्रत्येक डोके ही एक निराळी जागा आहे, आणि तिचे साहित्य तिच्याबरोबरच वाढलेले असते.

तेव्हा पफाविषयीचा निकाल दोन कलमी द्यावा लागेल. नीतीच्या न्यायासनापुढे तो निर्दोष आहे. ज्या समाजाने स्त्रियांच्या डोक्यावरून वस्तरा फिरविला त्याला तिच्या कंगव्याची दिशा तपासण्याचा अधिकार पोचत नाही. अभिरुचीच्या न्यायासनापुढे तो क्वचित शोभणारा, बहुधा अनावश्यक आणि सरसकट केल्यास कंटाळवाणा आहे. आपल्या टीकेची चूक होते ती ही, की दुसऱ्या न्यायासनाचा निकाल आपण पहिल्याच्या भाषेत सुनावतो. रसहीनतेला पाप म्हणतो, आणि मग ऐकणारी मुलगी दोन्ही झुगारून देते. तिला पाप-पुण्य सांगण्यापेक्षा आरसा द्यावा, वेळ द्यावा, आणि नको म्हणण्याची मोकळीक द्यावी. खोपा विणणारे हात पुष्कळ आहेत आणि यापुढेही असतील. ज्या डोक्यावर तो बसावयाचा त्याच डोक्याने तो आधी पारखावा.